मलावीत पावसाची वाट पाहण्याचे तीन महिने: पाणी, जेवण, औषधं आणि शेतातली कामं यांची तयारी कशी करावी?

मालवीमाती (इंदूर)

नमस्कार मंडळी. एका संस्थेमार्फत वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून मलावीला जाते आहे. गाव डोवा जिल्ह्यात, राजधानी लिलाँग्वेच्या उत्तरेला. ५ सप्टेंबरला पोहोचेन. काम मका आणि भुईमूग करणाऱ्या शेतकरी गटांबरोबर आहे, शिवाय गावच्या हातपंप समितीला मदत करायची आहे. पाऊस नोव्हेंबरअखेर येतो, तोपर्यंत सगळं कोरडं असतं, एवढं कळलंय.

राहायला पत्र्याची खोली आहे, ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद. वीज नाही, २० वॅटचं सोलर पॅनल मिळणार. हातपंप ४०० मीटरवर. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. विमान मुंबईहून आदिस अबाबामार्गे.

विचारायचं हे की या तीन महिन्यांत नक्की काय करून ठेवायचं? पाणी किती लागेल, शुद्ध कसं करायचं? जेवणाचं काय? आणि इंदूरहून काय न्यावं? ज्यांना तिथलं माहीत आहे त्यांनी नेमकं सांगावं, ही विनंती.

---

रेवाकाठ (इंदूर)

ताई, आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हा काळ नुसता वाट बघण्याचा नाही, वर्षातली सगळ्यात महत्त्वाची कामं याच काळात होतात. पाऊस लागला की गावातला प्रत्येक माणूस पहाटेपासून शेतात असतो, कच्च्या रस्त्यांचा चिखल होतो आणि बैठकीला कोणी येत नाही. येऊही नये, कारण मक्याची पेरणी जितकी लांबते तितकं पीक घटतं.

तिथला ऑक्टोबर म्हणजे आपला मे समजा. डोवा उंचावर आहे, त्यामुळे आपल्यासारखे ४२ अंश नसतात, साधारण तिशीच्या आसपास. पण ऊन फसवं असतं. तो भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला १३ ते १४ अंशांवर, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. बैठका सकाळी ७ ते ९ किंवा ३ नंतर ठेवा.

ऑक्टोबरात कधीतरी एक-दोन सरी येतात. त्यांना चिचेवा भाषेत 'चिझिमालुप्सा' म्हणतात, म्हणजे वणवे विझवणारा पाऊस. आपला वळीवच तो. त्यावर पेरायचं नसतं. पेरलं तर बी उगवतं, पुढचे तीन आठवडे कोरडे जातात आणि दुबार पेरणी कपाळी येते. सुधारित बियाणं महाग, त्यामुळे दुसऱ्यांदा घ्यायला पैसे नसतात. पेरणीचा पाऊस ओळखायचा तर दोन-तीन दिवसांत मिळून २५ ते ३० मिलिमीटर पडायला हवा आणि वरंब्यात हात घातल्यावर वीतभर खोल ओल लागायला हवी. वर ओलं आणि खाली कोरडं असेल तर थांबायचं. एक साधं पर्जन्यमापक गावात बसवून घ्या आणि वाचायचं काम गटातल्याच कोणाला तरी द्या. मग हा निर्णय अंदाजाने होत नाही.

आता सप्टेंबर-ऑक्टोबरचं खरं काम म्हणजे वरंबे. तिथे मका वरंब्यावर लावतात. जुनी पद्धत ९० सेंटिमीटरवर वरंबे, ९० सेंटिमीटरवर खड्डा आणि खड्ड्यात तीन दाणे अशी. त्यात हेक्टरी ३७ हजारांच्या आसपास झाडं बसतात आणि तिन्ही रोपं एकमेकांचं खत-पाणी ओढतात. आता शिकवतात ती पद्धत म्हणजे ७५ सेंटिमीटरवर वरंबे आणि २५ सेंटिमीटरवर एकच दाणा. हेक्टरी ५३ हजारांवर झाडं येतात. अडचण अशी की जुने वरंबे ९०चे, आणि दरवर्षी तेच फोडून पुन्हा तिथेच घातले जातात. ७५वर आणायचं तर सगळं शेत नव्याने आखावं लागतं. जमीन दगडासारखी झालेली असते, 'खासू' म्हणजे त्यांची कुदळ उसळून येते. म्हणून हे सप्टेंबरात, रोज पहाटे थोडं थोडं करावं लागतं. नोव्हेंबरात सांगून उपयोग नाही.

आखणीआधी समपातळी रेषा काढा, नाहीतर उताराच्या दिशेने घातलेले वरंबे पहिल्याच मोठ्या पावसात मातीसकट वाहून जातात. त्यासाठी ए-फ्रेम घरीच बनते. दोन मीटरच्या दोन सरळ काठ्या वर एकत्र बांधायच्या, खालच्या टोकांत दोन मीटर अंतर ठेवून मध्यावर आडवी काठी बांधायची, आणि वरून दोरीला दगड सोडायचा. दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करा. मग चौकट उचलून पायांची जागा उलट करा, उजवा डावीकडे, आणि दुसरी खूण करा. दोन्हींच्या बरोबर मध्ये तिसरी खूण केली की तीच पातळीची. ही अदलाबदल केली नाही तर काठ्या थोड्या लहानमोठ्या असल्याची चूक प्रत्येक पावलाला साचत जाते आणि शंभर मीटरवर रेषा चांगलीच खाली उतरते. वारा असताना दगड डुलतो, म्हणून हे काम सकाळीच.

शेणखत-कंपोस्टचा ढीग मात्र सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच रचायला हवा. कुजायला ६० ते ९० दिवस लागतात आणि त्याला पाणी लागतं, जे तेव्हा हंड्याने आणावं लागतं. आडोशाला, झाडाखाली, वर गवत आणि मातीचा लेप देऊन केलात तर ओल टिकते. त्यानंतर रचलेला ढीग या हंगामात कामाला येत नाही.

---

विश्वामित्रीकाठ (बडोदा)

पाण्याबद्दल सांगतो. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणं मिळून माणशी रोज किमान १५ लिटर धरा. पण उन्हाळ्यात २० लिटरचा झाकणाचा कॅन रोज दोनदा आणायची तयारी ठेवा. पंपावर पहाटे ५ ते ७ रांग असते. दुपारी रिकामा दिसला म्हणून जाऊ नका. ऑक्टोबरात भूजल खाली गेलेलं असतं आणि दुपारी विहिरीला झिरपून भरायला वेळ हवा असतो.

पंप बहुतेक आफ्रिडेव्ह असेल. आपला इंडिया मार्क २ डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर गोंधळ होईल. मार्क २ला खालचा व्हॉल्व्ह काढायचा तर लोखंडी पाइप ओढून वर काढावे लागतात. आफ्रिडेव्हचा पाइप प्लॅस्टिकचा आणि रुंद. त्यातूनच सळया, प्लंजर (पाणी उचलणारा दट्ट्या) आणि फूट व्हॉल्व्ह (तळाची झडप) हाताने वर येतात. सळयांना आकडे असतात आणि एका पान्यात काम होतं. त्यामुळे दुरुस्ती गावातल्या बायकाच करू शकतात, आणि बऱ्याच ठिकाणी करतात.

बिघाड कुठे आहे ते दांडा मारून कळतं. सकाळी पहिले १०-१५ हात कोरडे जातात आणि मग पाणी नीट येतं, म्हणजे फूट व्हॉल्व्ह गळतोय. रात्रीतून पाइपातलं पाणी खाली उतरलंय. बॉबिन (झडपेतला हलणारा भाग) आणि ओ-रिंग (रबरी कडी) बदला. पहिल्या हातापासून पाणी येतं पण धार बारीक आणि दांडा हलका लागतो, तर प्लंजरचं यू-सील, म्हणजे त्याच्या कडेचं रबर, झिजलंय. दांडा बाजूला डुलतो, करकरतो, तर वरची बेअरिंग गेली. ती तशीच चालवली की सळया वाकतात. आणि पाणी चांगलं येता येता थांबलं, अर्ध्या तासाने पुन्हा आलं, तर पंपाला हात लावू नका. तो बिघाड नाही, पातळी खाली गेलीय. तेव्हा रांगेच्या वेळा वाटून द्यायच्या. अशा वेळी पंप उघडून चांगली सीलं बदलणं म्हणजे समितीचे पैसे वाया घालवणं.

समितीकडे यू-सील, बॉबिन, ओ-रिंग आणि बेअरिंगचा एक-एक संच सप्टेंबरमध्येच घेऊन ठेवायला सांगा. पावसात तालुक्याला जायचा रस्ता बंद झाला की वीस रुपयांच्या रबरासाठी गाव ओढ्याचं पाणी पितं, आणि मलावीत पटकीची साथ पावसाळ्यातच डोकं वर काढते.

घरी आणलेलं पाणी स्वच्छ दिसत असलं तरी क्लोरीन टाका, कारण कॅन, हात आणि भांडी यांतून ते बिघडतं. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण मिळालं तर स्वच्छ दिसणाऱ्या २० लिटरला साधारण ४ मिली, ढवळून झाकून अर्धा तास. गढूळ असेल तर आधी चारपदरी सुती कापडातून गाळा आणि दुप्पट टाका. बाटलीवर वेगळी तीव्रता छापली असेल तर तिच्यावरचंच प्रमाण पाळा. हे द्रावण उष्णतेने आणि उन्हाने मरतं. पत्र्याखालच्या खिडकीत ठेवलेली बाटली महिन्यात निकामी होऊ शकते. अर्ध्या तासाने पाण्याला क्लोरीनचा किंचितही वास नसेल तर बाटली बदला.

पाणी थंड करायला मातीचं मडकं घ्या, तिथे 'म्त्सुको' म्हणतात. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत छान गार होतं. पाऊस सुरू झाला की होत नाही, मडकं खराब झालं असं समजू नका.

आता छपराचं पाणी. ६ गुणिले ४ म्हणजे २४ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २४ लिटर. गळती आणि उडणं वजा जाता २० मिलिमीटरच्या सरीत पावणेचारशेच्या वर लिटर हाती लागतात, म्हणजे २०० लिटरचं पिंप एका चांगल्या सरीत भरतं. पण पत्र्यावर सहा-सात महिन्यांची धूळ, काजळी आणि पाखरांची विष्ठा असते. प्रत्येक कोरड्या खंडानंतरचे पहिले ५० लिटर बाहेर सोडायचे. पन्हळ ऑक्टोबरात साफ करा, दर मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या. पिंपाच्या तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधा, नाहीतर आठवड्यात डासांची पैदास. पत्र्याचे खिळेही तेव्हाच तपासून घ्या. पहिली वादळं वाऱ्याची असतात आणि सैल कोपरा धरूनच पत्रा उचलतात.

---

गोपाचल (ग्वाल्हेर)

जेवणाची काळजी करू नका, तूर तिथेच पिकते. 'नांदोलो' म्हणतात. देशाच्या दक्षिण भागात जास्त, आणि ती भारतातही येते. गावच्या बाजारात अख्खी मिळेल. फोडलेली डाळ हवी असेल तर लिलाँग्वेतल्या गुजराती व्यापाऱ्यांच्या दुकानांत बघा. घेवडावर्गातल्या बिया 'न्येम्बा', शेंगदाण्याचं कूट 'न्सिंजिरो'. भोपळ्याची पानं 'न्ख्वानी', ती शेंगदाण्याच्या कुटात शिजवतात. आपल्याकडच्या कूट घातलेल्या पालेभाजीचीच बहीण आहे.

मुख्य अन्न 'न्सिमा', मक्याच्या पिठाचं. कोमट पाण्यात थोडं पीठ कालवून आधी पातळ पेज करायची, पाच-सात मिनिटं खदखदू द्यायची, मग मूठमूठ पीठ टाकत लाकडी उलथण्याने घोटायचं. १ लिटर पाण्याला एकूण ३०० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं. पेज न उकळता सगळं पीठ एकदम टाकलं तर आत कच्च्या गुठळ्या राहतात आणि पोट दुखतं. पांढऱ्याशुभ्र पिठापेक्षा 'म्गाइवा' म्हणजे कोंड्यासकट पीठ घ्या, स्वस्तही आणि पोषकही.

शाकाहारी आहात हे सांगताना 'न्यामा' नको एवढंच म्हणालात तर मासे वाढतील, कारण त्या शब्दात मासे येत नाहीत. 'सिंदिमाद्या न्यामा कापेना न्सोम्बा', मांसही खात नाही आणि मासेही खात नाही, असं पूर्ण म्हणा. 'उसिपा' नावाची वाळवलेली बारीक मासळी भाजीत मिसळलेली असते, पानं वाढताना ती सहज दिसत नाही.

ऑक्टोबरात पालेभाजी महाग होते. ओलसर सखल जमिनीतल्या 'डिंबा' मळ्यांत मात्र मिळते, तिथे थेट जा. नोव्हेंबरात आंबे सुरू होतात, डिसेंबर-जानेवारीत भरपूर. पण नेमक्या याच दिवसांत बहुतेक घरांतला मका संपत आलेला असतो, आणि मार्चमध्ये हिरवी कणसं येईपर्यंत टंचाई असते. कोणाच्या घरी या काळात जेवायला बसलात तर थोडंच घ्या, आणि जाताना साखर, मीठ, साबण असं काही घेऊन जा. आपला स्वतःचा दोन आठवड्यांचा शिधा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून ठेवा.

इंदूरहून तीन लिटरचा कुकर न्याच, बर्तन बाजारातून. सोबत दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. तिथे कोळशाची शेगडी असते, 'म्बाउला', आणि तिची आच कमी करता येत नाही. तूर आठ तास भिजवून तीन शिट्ट्या, मग कुकर खाली उतरवून पंधरा मिनिटं बंद ठेवायचा. कोळसा अर्धाच लागतो. पाऊस लागल्यावर शेगडी खोलीत आणायचा मोह होतो. झोपायच्या खोलीत अजिबात आणू नका, कोळशाचा धूर न दिसणाराही जीव घेतो. सियागंजातून हिंग, मोहरी, हळद, काळा मसाला हवाबंद पाकिटांत घ्या. पेरायचं बियाणं मात्र सामानात टाकू नका, परवान्याशिवाय ते नेता येत नाही.

---

दवाबाजार (इंदूर)

आधी पीतज्वराची लस. मलावी स्वतः त्या रोगाच्या यादीत नाही, पण इथिओपिया आहे. आदिसमार्गे परतताना भारतात प्रमाणपत्र विचारलं जातं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते, प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. तारीख लवकर घ्या, केंद्रांचे वार ठरलेले असतात.

हिवतापावर प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, पण हिशेब समजून घ्या. डॉक्सिसायक्लिन रोज १०० मिलिग्रॅम, निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू आणि परतल्यावर चार आठवडे. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, दोन-तीन आठवडे आधी सुरू. नैराश्य, चिंता किंवा फिटचा इतिहास असेल तर ती घेत नाहीत. नुसत्या क्लोरोक्विनवर विसंबू नका. डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हाला लवकर भाजते, आणि तुमचा सगळा ऑक्टोबर शेतात जाणार. लांब बाह्या आणि रुंद काठाची टोपी हवीच. गोळी भरपूर पाण्याबरोबर, जेवणानंतर घ्या, लगेच आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून व्रण होतो. दूध, लोह आणि अॅसिडिटीच्या गोळ्या तिच्याबरोबर नकोत.

कोरड्या दिवसांत डास कमी म्हणून गोळ्या सोडणं, ही सगळ्यात मोठी चूक. डास पाऊस पडल्यावर वाढतात, पण आजार वर्षभर असतो. मच्छरदाणी औषध लावलेली घ्या, गादीखाली खोचा, साध्या साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात औषध उडतं. ताप ३८ अंशांच्या वर गेला की त्याच दिवशी रक्ततपासणी. उन्हाचा ताप असेल म्हणून दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. परतल्यानंतर इंदुरात ताप आला तरी डॉक्टरांना मलावीचं नाव आधी सांगा.

सुट्टीत सलिमाकडे मलावी सरोवरावर जाणं होईल. पाणी सुंदर दिसतं, पण काठाच्या उथळ पाण्यातल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया हा कृमींचा आजार होतो. पाण्यात उतरलात तर लक्षणं नसतानाही दोनेक महिन्यांनी तपासणी करा, औषध आहे.

पाऊस सुरू झाल्यावर कपडे बाहेर ओलसर राहिले तर पुत्सी माशी त्यात अंडी घालते आणि अळी त्वचेत शिरते. दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री केलेलेच कपडे घाला, आतलेसुद्धा.

---

मालवीमाती (इंदूर)

खूप खूप आभार. वही घेऊन सगळं उतरवलं. दोन शंका राहिल्या. २० वॅटच्या पॅनलवर लॅपटॉप चालेल का? आणि पॅनल आपल्यासारखं दक्षिणेकडे तोंड करून लावायचं ना?

---

रेवाकाठ (इंदूर)

उत्तरेकडे, ताई! तिथे वर्षातले बरेच महिने सूर्य उत्तर बाजूला असतो. १० ते १५ अंश कलवा. नोव्हेंबर ते जानेवारी सूर्य थोडा दक्षिणेकडे जातो, पण एवढ्या कलाने फारसा तोटा होत नाही, आणि पाण्याने पॅनल आपोआप धुतलं जातं. सपाट ठेवलं तर मात्र धूळ साचून राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरात वणव्यांची काजळीही बसते, दर आठवड्याला ओल्या फडक्याने सकाळी थंड असताना पुसा.

हिशेब असा की पाच तास चांगलं ऊन धरलं तर १०० वॉट-तास, त्यातले हाती ६० ते ६५. फोनला १५, तीन वॉटचा दिवा पाच तास म्हणजे आणखी १५. लॅपटॉपची बॅटरी एकदा भरायलाच ५० लागतात, म्हणजे एक दिवसाआड, आणि पावसाळी ढगाळ दिवसांत अर्धंही मिळत नाही. अहवालाची कामं नोव्हेंबरच्या मध्याआधी उरका आणि बाकी तालुक्याच्या कार्यालयात. तिथे भिंतीत ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे सॉकेट असतात, अॅडॅप्टर महाराणी रोडला मिळेल, दोन घ्या. ढग गडगडायला लागले की पॅनलची वायर काढून ठेवा, पहिल्या वादळांत विजा फार असतात.

आणि घरी फोन करायच्या वेळा आधीच ठरवून जा. आपण साडेतीन तास पुढे. तिथे संध्याकाळी ५ वाजता इंदुरात साडेआठ, जेवणाच्या आधी आईला गाठायला तीच वेळ बरी. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखांच्या वाळवीचे, 'न्गुम्बी'चे थवे येतात. दिवा बाहेर नेऊन ठेवा, खाली पाण्याची बादली. सकाळी शेजारच्या मुलांना ती बादली द्या, ती भाजून मिठाबरोबर खातात.